कढईतली गेशा

शनिवारी सकाळी साडेनऊला तेजस्विनी पगारेने तराजूवर तीनशे ग्रॅम हिरव्या कॉफीच्या बिया मोजल्या, आणि सांडलेली एक बी फरशीवरून उचलून परत पातेल्यात टाकली. एरवी ती अशी एखादी बी झाडूने लोटून द्यायची. पण ही पनामातून आलेली गेशा जातीची कॉफी होती, आणि तिच्या वाट्याला एवढीच आली होती. एक घाणा, एकच संधी.

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं कॉफी भाजण्याचं दुकान होतं. एका किलोचं मशीन, एक लांब टेबल, चार स्टुलं. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, त्यानंतर दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं नोकरी. तिथेच तिला कळलं होतं, की आपलं नाक बऱ्यापैकी चालतं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिने हे दुकान टाकलं, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं होतं, "नाशकात कॉफी कोण पितं?" वडील, सहादू पगारे, तेवढे काही बोलले नव्हते. ते रेल्वेत गार्ड होते, इगतपुरीहून निवृत्त झाले. आता रोज सकाळी नाशिकरोडहून बसने दुकानात येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर पेपर वाचत आणि समोरच्या टपरीवरचा चहा मागवून पीत.

"तीनशे ग्रॅमसाठी एवढी धडधड?" ते म्हणाले.

"पप्पा, मॅडम उद्या दहाला येतायत. त्यांच्यासमोर हीच ठेवायची आहे."

मॅडम म्हणजे अंजली पोन्नप्पा. माहेरच्या पुण्याच्या, सासर कूर्गचं, आणि गेली पंचवीस वर्षं कॉफी चाखणं हाच त्यांचा व्यवसाय. बंगळुरूचे एक व्यापारी यंदा गेशाच्या दोन गोण्या आणणार होते, एक पनामाची आणि एक इथिओपियाची. त्या कोणाकडे भाजायला द्यायच्या हे मॅडम ठरवणार होत्या. महाराष्ट्रातल्या तीन दुकानांना त्यांनी दोन्ही कॉफींचे नमुने पाठवले होते. पुण्यातली दोन दुकानं, आणि नाशकातली तेजस्विनी.

मशीन तापलं. तिने बिया आत सोडल्या, लॅपटॉपवर वेळ सुरू केली आणि काचेच्या छोट्या खिडकीला डोळा लावला. गेशाची बी इतर बियांपेक्षा लांबट, टोकाला किंचित निमुळती. ती ड्रममध्ये फिरताना तिला वेगळी दिसत होती, की आपल्यालाच तसं वाटतंय, हे तिला ठरवता येईना. दोन मिनिटांनी ओल्या गवताचा वास आला. चार मिनिटांनी बिया पिवळ्या पडू लागल्या. साडेपाचला पाव भाजल्यासारखा वास सुटला आणि तिला हसू आलं, कारण सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

सहा मिनिटं दहा सेकंदांना लाईट गेली.

ड्रम थांबला. पंखा थांबला. लाईट गेली की गॅसही आपोआप बंद व्हावा, अशीच त्या मशीनची रचना होती, त्यामुळे खालची निळी ज्योतही विझली. इन्व्हर्टरवर दुकानातले दिवे लागले, पण त्याच्यावर मशीनची मोटर चालत नव्हती. हे तेजस्विनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि दोन वर्षं ती 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत आली होती.

"पप्पा, पट्टा फिरवा. हाताने. बिया एका जागी राहिल्या तर करपतील."

सहादूंनी पेपर टाकला आणि मशीनच्या मागे जाऊन मोटरचा पट्टा दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. ड्रम कुरकुरत फिरला. तिने झाकण उघडलं आणि बिया स्टीलच्या पातेल्यात काढून घेतल्या. दालचिनीच्या रंगाच्या, अर्ध्या कच्च्या, गरमागरम. आता थांबलं तर त्या थंड होणार, आणि एकदा थंड झालेली बी पुन्हा भाजली की चव जाते, खाकऱ्यासारखी कोरडी लागते. गॅसच्या घरगुती शेगडीवर ठेवावं तर शेगडी दुकानात नव्हती.

शेजारच्या गाळ्यातून शेंगदाण्यांचा खमंग वास येत होता.

ती पातेलं छातीशी धरून पळत सुटली. सहादू मागोमाग.

शेजारी वत्सलाबाईंची भट्टी होती. फुटाणे, शेंगदाणे, लाह्या. सासूच्या हाताखाली त्या ह्या भट्टीवर आल्या त्याला चाळीस वर्षं झाली होती. माहेर लासलगावचं, बोलणं अजून तिथलंच. भट्टीत दोन कढया, एक मोठी वाळूची आणि एक लहान, रिकामी, मसाला-दाण्यांसाठी.

"मावशी, लाईट गेली. हे अर्ध्यात राहिलं. पुढे भाजायचंय, आत्ताच्या आत्ता."

वत्सलाबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. एक प्रश्न विचारला. "वाळूत?"

"नको, वाळू बीच्या चिरेत बसेल."

"मंग ह्या कढईत." त्यांनी फडक्याने लहान कढई आतून पुसली, आणि भट्टीच्या तोंडातली जळती लाकडं चिमट्याने मागे ओढली. "धूर नको ना हिला?"

"अजिबात नको. मावशी, ही सगळ्याचा वास धरते."

"तर काय. चहाची पत्तीबी धरती." नुसते निखारे उरले तशी त्यांनी हात कढईवर धरून पाहिला. "टाक."

बिया कढईत पडल्या. वत्सलाबाईंनी लांब दांड्याचा झारा घेतला आणि त्या ढवळू लागल्या. तेजस्विनीला वाटलं होतं तसं गोल नाही, तर खालून वर, दर खेपेला तळाच्या बिया उचलून कडेवर फेकत. लॅपटॉप दुकानातच राहिला होता. तिने घड्याळासाठी मनगट पाहिलं, ते रिकामं होतं.

"सात मिनिटं पाच," मागून सहादू म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं होतं. "लाईट गेल्यापासून मी बघतोय. मधे पंचावन्न सेकंद गेली." तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून कुठल्या स्टेशनावरून किती वाजता सुटलो ते लिहिलेला माणूस. तेजस्विनीला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण तिची नजर कढईवरून हलेना.

"दर अर्ध्या मिनिटाला सांगत राहा, पप्पा."

"सात पस्तीस."

बिया गडद होऊ लागल्या. सगळ्या सारख्या नाही. काही पुढे, काही मागे. मशीनमध्ये हे असं झालं नसतं.

"हिचा आवाज येतो का गं?" वत्सलाबाईंनी विचारलं. "लाहीवानी?"

"येतो. तडतडते. पण गेशा हळू तडतडते म्हणतात, ऐकू येत नाही पटकन."

"मंग बोलू नका कोणी."

गिऱ्हाईक म्हणून उभा असलेला एक माणूससुद्धा गप्प झाला. गल्लीत एक रिक्षा गेली. "आठ पस्तीस," सहादू हळू आवाजात म्हणाले. मग "नऊ पाच." मग वत्सलाबाईंनी झारा न थांबवता मान तिरकी केली.

"ही एक."

तेजस्विनीला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"ही दुसरी. आता लागली."

आता तिलाही ऐकू आलं. काडी मोडावी तसा बारीक आवाज, एक, दोन, मग एकदम पाच-सहा. कढईतून वर येणारा वास बदलला. पाव गेला, भाजकेपणा गेला, आणि मध्येच फुलासारखं काहीतरी तिच्या नाकाशी येऊन निघून गेलं. "मावशी, आता साधारण सव्वा मिनिट, मग काढू."

"नऊ पन्नास," सहादू म्हणाले.

तडतड दाट झाली आणि मग विरळ व्हायला लागली. वत्सलाबाईंनी चाळण जवळ ओढली.

"अजून नको, मावशी. अजून वीस सेकंद."

"कढई लोखंडाची हाय, पोरी. तुझं मशीन बंद केलं की बंद होतं. ही मी खाली उतरवली तरी भाजत ऱ्हाती. आता काढलं तर तुझ्या वीस सेकंदाला भाजून व्हईल."

कागदावर तेजस्विनीने जे आखलं होतं ते मशीनसाठी होतं. ह्या कढईचं तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काढा."

बिया चाळणीत पडल्या, चाळणीतून सुपात. वत्सलाबाई दारात जाऊन पाखडू लागल्या. बियांवरची पातळ टरफलं वाऱ्यावर उडून गल्लीत गेली. दोन मिनिटांत बिया हाताला कोमट लागायला लागल्या.

"काढली ती दहा वीसला," सहादूंनी सांगितलं, आणि मगच घड्याळाचा हात खाली केला.

तिघंही सुपाभोवती बसून बिया निवडू लागले. करपलेल्या बाजूला, फार फिक्या बाजूला. हे करताना वत्सलाबाईंनी विचारलं, "एवढं काय हाय हिच्यात? सोन्याची हाय का?"

तेव्हा तेजस्विनीने सांगितलं. गेशा हे नाव ऐकून लोकांना जपान आठवतो, पण ही तिकडची नाही. इथिओपियाच्या नैर्ऋत्येला गेशा नावाचा भाग आहे, डोंगराळ, दाट जंगलाचा. कॉफी मूळची तिथलीच, त्या जंगलात ती आपोआप उगवते. शंभरेक वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या काळात, एका अधिकाऱ्याने तिथल्या झाडांचं बी गोळा करून केनिया-टांझानियाकडे पाठवलं. तिथून ते कोस्टा रिकाच्या संशोधन केंद्रात गेलं आणि तिथून पनामाला.

"चवीसाठी?" सहादूंनी विचारलं.

"नाही ना. तांबेरा रोगाला टिकतं म्हणून. शेतकऱ्यांनी लावलं, आणि बघितलं तर झाड उंच, फांद्या नाजूक, बी कमी. मग कोणी लक्षच दिलं नाही. थोडी झाडं राहिली अशीच मळ्याच्या कडेला. त्यांची फळं बाकीच्या कॉफीत मिसळून जायची. चाळीस वर्षं."

"चाळीस वर्षं कोणी नुसती हीच वेगळी करून चाखली नाय?"

"दोन हजार चारच्या सुमाराला एका कुटुंबाने चाखली. मळ्यातल्या प्रत्येक तुकड्याची कॉफी वेगवेगळी ठेवून बघितली, आणि उंचावरच्या एका तुकड्याची चव अशी निघाली, की स्पर्धेतले परीक्षक चक्रावले. कॉफीला फुलांचा वास कसा, म्हणून."

वत्सलाबाईंनी एक करपलेली बी बोटांत धरून वळवली. "आमच्या लासलगावला असंच हाय. सगळा कांदा एका ट्रॅक्टरात ओतला की कोणाच्या वाफ्यातला गोड होता ते कोणाला कळणार?"

दुपारी एक वाजता लाईट आली. इथिओपियाचे तीनशे ग्रॅम तेजस्विनीने मशीनवर भाजले. घाणा सुरळीत झाला, रंग एकसारखा, वेळ सेकंदाला सेकंद. दोन्ही डबे शेजारी ठेवले तेव्हा फरक उघड दिसत होता. एका डब्यातल्या बिया शाळेच्या रांगेतल्या पोरांसारख्या, दुसऱ्यातल्या जत्रेतल्या गर्दीसारख्या.

तिने मॅडमना फोन लावला. "मॅडम, आज इथे एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची आहे..."

"चाखण्याआधी मी काही ऐकत नाही," अंजली पोन्नप्पा म्हणाल्या. "नंतर सांगा. सगळं सांगा, पण नंतर."

रविवारी दहाला त्या आल्या. साठीच्या आसपासच्या, उंच, कॉटनची साडी, पर्समध्ये स्वतःचा चांदीचा चमचा. लांब टेबलावर सहा वाट्या मांडल्या होत्या, दोन्ही कॉफींच्या तीन-तीन, प्रत्येक वाटीची पूड वेगळी दळलेली. तळाशी खुणा होत्या, त्या फक्त तेजस्विनीला माहीत होत्या. ती पाणी ओतत असताना दारात वत्सलाबाई येऊन उभ्या राहिल्या. भट्टी अर्धा तास बंद ठेवून, नवं लुगडं नेसून.

"ह्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"ह्यांनी मला मदत केली," तेजस्विनी म्हणाली. "त्याही चाखतील, चालेल ना?"

"उत्तम. जितकी तोंडं तितकं बरं."

चार मिनिटांनी मॅडमनी चमच्याने वाटीवर तरंगणाऱ्या पुडीची साय मोडली, नाक अगदी जवळ नेलं आणि डोळे मिटले. एकेक करून सहाही वाट्या. मग त्या चाखू लागल्या, मोठ्याने भुरका मारत, कारण तसं केलं की कॉफी हवेबरोबर तोंडभर पसरते. सहादूंना हे लगेच जमलं. बशीतून चहा पिण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

पहिला भुरका घेऊन ते थांबले. "मी एक बोलू का? हा चहा आहे."

तेजस्विनीने कपाळाला हात लावला. पण मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "कसला चहा?"

"पातळ. बिनदुधाचा. दार्जिलिंगकडचा असतो ना, आमच्या एका साहेबांकडे प्यायलो होतो. कडू नाही लागत."

"बरोबर ओळखलंत," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या गेशाचं अंग चहासारखंच पातळ असतं. लोकांना हे सांगायला मला अर्धा तास लागतो."

सहादू ताठ बसले.

तेजस्विनी आता दुसऱ्यांदा वाट्यांवरून फिरत होती. कॉफी कोमट झाली तशी ती उघडायला लागली. एका बाजूच्या वाट्यांत ईडलिंबाच्या सालीचा झणका आणि मागून पिकून पिवळ्या पडलेल्या द्राक्षांचा गोडवा. दुसऱ्या बाजूला लिंबू कमी, मध जास्त, आणि जर्दाळूसारखं काहीतरी जिभेवर रेंगाळणारं. दोन्ही एकाच जंगलातून निघालेल्या. मधाची ती शेकडो वर्षं तिथेच राहिलेली, आपल्या आजूबाजूच्या नाना जातींत मिसळून. ईडलिंबाची ती त्याच जंगलातल्या मूठभर बियांतून निघून समुद्रापलीकडे गेलेली आणि तिथल्या थंड डोंगरावर एकटी वाढलेली. हे सगळं तिने वाचलं होतं. ते जिभेवर कळतं हे मात्र तिला आज कळत होतं.

मॅडम वहीत लिहीत होत्या. "दोन्हीत फूल आहे. जॅस्मिन."

"म्हणजी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मोगरा."

वत्सलाबाईंनी डाव्या बाजूच्या वाटीतून पुन्हा एक घोट घेतला, मग उजव्या. घाई केली नाही. "ह्यात मोगरा नाय," त्या डाव्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ही जुई हाय. मोगरा ह्या उजवीकडच्यात हाय."

मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं.

"फरक सांगा मला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"मोगरा कसा, जड असतो. डोक्यात घातला की दिवसभर हाय म्हणून सांगतो. जुईचं तसं नाय. लांबून येती, आन् नाकाशी धरली की पळती. हिच्यात तसंच होतंय. वाटी तोंडाशी नेली की नाय, खाली ठेवली की येतोय वास."

मॅडमनी डावी वाटी उचलली, हुंगली, टेबलावर ठेवली आणि हात मागे घेऊन वाट पाहिली. मग उजवी. असं तीनदा केलं. नंतर त्यांनी वहीतला 'जॅस्मिन' शब्द एका रेघेने खोडला आणि तिथे देवनागरीत दोन शब्द लिहिले.

"पंचवीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी दोन्हीला एकच शब्द वापरतेय. इंग्रजीत लिहायचं असतं ना, म्हणून. आणि पुण्यात आमच्या अंगणात दोन्ही वेल होते." त्यांनी तेजस्विनीकडे पाहिलं. "आता सांगा, काय झालं होतं? उजवीकडची इथिओपिया आहे. स्वच्छ भाजलीय, काही बोलायला जागा नाही. डावीकडची पनामा. दोन वाट्या अप्रतिम. तिसरीत शेवटी जरा भाजका पापड लागतो. हे मशीनचं काम नाही."

तेजस्विनीने सगळं सांगितलं. लाईट, पट्टा, कढई, घड्याळ, आणि वत्सलाबाईंनी वीस सेकंद आधी काढलेला घाणा. काहीही वगळलं नाही.

मॅडम उठल्या. "कुठे आहे भट्टी?"

पुढचा पाऊण तास त्या शेजारच्या गाळ्यात होत्या. निखाऱ्यांवर हात धरून पाहिला, झारा चालवून पाहिला, आणि शेंगदाण्यांचा एक घाणा वत्सलाबाईंच्या देखरेखीखाली करपवला. इथिओपियात बायका घरोघरी अशाच कढईत कॉफी भाजतात, पाहुण्यांसमोर, आणि धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवतात, असं त्यांनी सांगितलं. वत्सलाबाईंना ते अजिबात नवलाचं वाटलं नाही.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "बुधवारी कळवते. आणि ती मोटर इन्व्हर्टरवर घ्या, आधी ते."

सोमवारी इलेक्ट्रिशियन येऊन गेला. मंगळवारी तेजस्विनीचं कशातच लक्ष नव्हतं. बुधवारी सव्वाअकराला फोन वाजला तेव्हा ती गिऱ्हाइकाला कॉफी दळून देत होती, आणि ग्राइंडर बंद करायचं विसरून तिने तो घेतला.

"पनामाची गोणी पुण्याला चालली," मॅडम म्हणाल्या. "त्यांची भाजणी जास्त चोख होती. तुमच्या तिसऱ्या वाटीने घात केला."

"हो, मॅडम."

"इथिओपियाची तुमची. पुण्यातल्या दोघांचीही तुमच्या जवळपास आली नाही. आणि पाकिटावर चव मराठीत लिहायची, मोगरा, मध, जर्दाळू, जे असेल ते. मला त्या बाईंचे शब्द हवेत, पुस्तकातले नकोत."

"काय म्हणाल्या?" कोपऱ्यातून सहादूंनी विचारलं. तेजस्विनीने नुसती मान हलवली, होकारार्थी, पुन्हा पुन्हा, आणि मग ग्राइंडर चालूच आहे हे लक्षात येऊन तो बंद केला. दळलेली कॉफी टेबलभर सांडली होती. गिऱ्हाईक, कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ, ती हाताने गोळा करत होते. "चांगली बातमी दिसतेय," ते म्हणाले.

"लय चांगली," ती म्हणाली. एरवी ती 'लय' म्हणत नसे. आणि तशीच, ॲप्रनसकट, शेजारी सांगायला गेली.